दोन हेक्टर रबर परवडतं का? हिशेब किलोत मांडा

प्रश्न असा आहे: दोन हेक्टर जमीन आहे, पाऊस भरपूर आहे; रबर लावलं तर घरखर्च भागेल का, आणि टॅपर, म्हणजे सालीवर काप घालून चीक काढणारा माणूस, मजुरीवर ठेवावा की वाट्यावर?

थेट उत्तर आधी देतो. दोन हेक्टरांवर रबर परवडतं, पण दोन अटींवर. मंदीच्या काळात तरी काप घालायला घरातलं माणूस उभं राहिलं पाहिजे. आणि पहिली सात वर्षं घर या जमिनीच्या उत्पन्नावर अवलंबून नसलं पाहिजे. यातली एक जरी अट पुरी होत नसेल, तर आजचा भाव कितीही चढा असो, मी लावा म्हणणार नाही.

बहुतेक लोक हेक्टरी उत्पादनाला आजच्या भावाने गुणतात आणि येणाऱ्या आकड्यावर खूश होतात. झाड मात्र सात वर्षांनी चीक देणार आणि पुढे वीसेक वर्षं देत राहणार. तेव्हाचा भाव आज कुणालाच ठाऊक नाही. बाजारात तुरी म्हणतात ती हीच गत. म्हणून पैशात हिशेब मांडूच नका, कोरड्या रबराच्या, म्हणजे चिकातलं पाणी गेल्यावर उरणाऱ्या रबराच्या, किलोत मांडा. मजुरी किती किलोची, खत किती किलोचं, असं लिहिलं की भाव पडल्यावर नेमकं काय बिघडतं ते कागदावर दिसतं.

पायाचे आकडे असे. कलमी रोपं ६.७ मीटर बाय ३.४ मीटर अंतरावर लावली तर हेक्टरी साधारण ४४० बसतात. वारा, रोग आणि खुरटी राहिलेली झाडं वगळली की प्रत्यक्ष टॅपिंगला ३५० च्या आसपास उरतात. एक सवयीचा टॅपर एका सकाळी तेवढीच झाडं करतो, म्हणजे एक हेक्टर हा एका सकाळचा गट. एक दिवसाआड काप घालायचा, त्याला डी-२ पद्धत म्हणतात, तर दोन हेक्टरांवर एक टॅपर रोज कामात राहतो. कागदावर वर्षाला १८० काप होतात. पानगळीनंतर नवी पालवी पक्की होईपर्यंतची विश्रांती, पाऊस, टॅपरचे खाडे हे सगळं जाऊन हाती १२० पडले तर चांगलं समजा.

एका झाडाचं एका कापाला ३५ ग्रॅम कोरडं रबर धरू. ३५० झाडांचे १२.२५ किलो, १२० कापांचे हेक्टरी १,४७० किलो. नीट राखलेल्या छोट्या बागेला हा आकडा गाठता येतो. आता टॅपरची एका सकाळची मजुरी ५ किलो रबराइतकी धरा. मालकाकडे सकाळी ७.२५ किलो उरले, वर्षाचे ८७० किलो. खत, तणकाढणी, फवारणी, आम्ल, कप, तार यांना हेक्टरी २२५ किलो गेले, तर शिल्लक ६४५. काप स्वतः घातला तर हीच शिल्लक १,२४५ किलो, जवळजवळ दुप्पट.

आता भाव निम्मा करा. मजुरी काही निम्मी होत नाही, म्हणून तीच मजुरी १० किलोची झाली आणि खर्च ४५० किलोंचा. सकाळी उरले २.२५ किलो, वर्षाचे २७०. म्हणजे हेक्टरी १८० किलोंचा खड्डा. स्वतः काप घालणाऱ्याला मात्र अजून १,०२० किलो उरतात. त्याचे पैसे कमी येतात, पण चूल पेटते. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक बाजारात रबराने उच्चांक गाठला आणि २०१६ च्या सुरुवातीला भाव त्याच्या चौथाईच्याही खाली होता. त्या काळात केरळात कित्येक छोट्या मालकांनी टॅपिंगच बंद ठेवलं. त्यांची झाडं उत्तम होती. वरच्या हिशेबातला २.२५ चा आकडा त्यांच्याकडे शून्याखाली गेला होता, एवढंच.

म्हणून छोट्या बागेत पहिली हाताळायची गोष्ट म्हणजे कापांमधलं अंतर. एक दिवसाआड हा काही देवाने दिलेला नियम नाही. तिसऱ्या दिवशी काप घातला तर झाडाला भरून यायला वेळ मिळतो आणि एका कापाला चीक जास्त येतो. इथेफॉन हे चीक वाढवणारं उत्तेजक सालीला बेताने, वर्षातून तीनेक वेळा लावलं तर वर्षाचं उत्पादन फारसं घटत नाही. ३५ ग्रॅमचे ४५ झाले आणि वर्षाला ८० काप मिळाले असं धरा: सकाळचे १५.७५ किलो, मजुरी वजा जाता १०.७५, वर्षाचे ८६० किलो. एक दिवसाआडचे ८७० होते. म्हणजे मालकाच्या हाती तेवढंच पडतं आणि एक तृतीयांश साल वाचते. भाव निम्मा झाला तर फरक उघडा पडतो: एक दिवसाआड २७० किलो, तिसऱ्या दिवशी ४६०. आठवड्यातून एकदा, म्हणजे डी-७, काप घालून झाडामागे ७० ग्रॅम मिळाले आणि ४२ काप झाले, तर त्याच पडत्या भावात ६०९ किलो उरतात.

हे ऐकून लगेच आठवड्याच्या पद्धतीवर उडी मारू नका. डी-७ मध्ये उत्तेजक वारंवार लावावं लागतं, चीक उशिरापर्यंत ठिबकतो, गोळा करायचं वजन दुप्पट होतं, आणि टॅपर त्याचे जास्त मागतो, ते रास्तही आहे. पण ज्याला स्वतः काप घालायचा आहे त्याच्यासाठी ही पद्धत वरदान आहे. ७०० झाडं सात सकाळींत वाटली की रोज शंभर झाडं, दीड-दोन तासांचं काम, आणि मग दिवस मोकळा. नोकरी सांभाळून बाग करणाऱ्याला याच्याइतकी सोयीची दुसरी वाट मला तरी दिसत नाही. तिसऱ्या दिवसाच्या पद्धतीत वेगळी अडचण आहे: दोन हेक्टरांवर टॅपरला तीनपैकी दोनच दिवस काम मिळतं. तिसऱ्या दिवसासाठी शेजारची एक हेक्टर जोडून घ्या, नाहीतर तो पूर्ण काम देणाऱ्याकडे जाईल.

पावसाचं एवढंच सांगतो की वरचे १२० काप रेनगार्ड असतील तरच होतात. कापाच्या वर डिंकाने चिकटवलेला प्लास्टिकचा झगा नसेल तर पाऊसप्रदेशात ९० वर समाधान मानावं लागतं. ३० काप गेले म्हणजे ७.२५ च्या हिशेबाने हेक्टरी २१७ किलो गेले. झग्याचा खर्च झाडामागे शे-दोनशे ग्रॅम रबराइतका आला तरी हेक्टरी ७० किलोंच्या वर जात नाही.

आता सालीकडे येऊ, कारण खरं भांडवल तिथे आहे. चीक येतो सालीतल्या नळ्यांतून, आणि त्या सर्वांत दाट असतात त्या वर्धन थराला, म्हणजे साल आणि लाकूड यांच्यामधल्या वाढीच्या थराला, लागून. म्हणून काप खोल हवा, पण लाकडाला लागता कामा नये. आत एक मिलिमीटरभर साल राखायची. या नळ्या खोडावर किंचित उजवीकडे झुकून वर चढतात, म्हणून काप डावीकडे उंच आणि उजवीकडे खाली, तीसेक अंशांच्या उताराने घेतात. जास्त नळ्या कापल्या जातात. पहिला काप कलमाच्या जोडापासून १२५ सेंटिमीटर उंचीवर, खोडाच्या अर्ध्या घेरावर. तिथून खाली येत येत वापरायला सुमारे ११५ सेंटिमीटर साल मिळते. हे एक पॅनेल. तसंच दुसरं मागच्या बाजूला, आणि दोन्ही संपली की त्यावर नव्याने भरलेली साल. झाडाचं सगळं आयुष्य या चार पट्ट्यांत मोजलेलं आहे.

दर कापाला १.२५ मिलिमीटरची सालपट निघाली तर १२० कापांना १५ सेंटिमीटर साल जाते आणि पॅनेल साडेसात वर्षांहून थोडं जास्त टिकतं. तीच सालपट २ मिलिमीटरची निघाली तर वर्षाला २४ सेंटिमीटर, आणि पॅनेल पाच वर्षांच्या आतच संपतं. पाऊण मिलिमीटरच्या फरकाने एका पॅनेलमागे जवळजवळ तीन वर्षं गेली. आणि जाड सालपट काढून चीक काही जास्त येत नाही, हे सगळ्यात वाईट. तपासायची रीत सोपी आहे: झाडाच्या बुंध्याशी पडलेल्या वीस सालपटी उचला, एकावर एक दाबून धरा आणि पट्टीने मोजा. २५ ते ३० मिलिमीटर भरल्या तर टॅपरला चहा पाजा. ४० भरल्या तर बसवून समजावून सांगा. बोटाने नव्या सालीवरून हात फिरवला आणि गाठी लागल्या, तर सुरी लाकडाला लागत होती. त्या जागी दुसऱ्या फेरीला काही मिळणार नाही. मोठ्या मळ्यांत वर्षाच्या सुरुवातीला खोडावर रंगाचा ठिपका देतात, की वर्षअखेर काप याच्या खाली गेलेला नसावा. दोन हेक्टरांना हा एका दुपारचा उद्योग आहे, आणि मालक तो करत नाहीत.

इथेच मजुरी की वाटा या प्रश्नाचं उत्तर आहे. दक्षिण थायलंडमध्ये वाट्याची पद्धत रुळलेली आहे. मालकाला ६० आणि टॅपरला ४० टक्के, किंवा निम्मं-निम्मं. आपल्या हिशेबात १२.२५ चे ४० टक्के म्हणजे ४.९ किलो, मजुरीच्या ५ किलोंइतकेच. साध्या काळात दोन्ही सारखं. भाव पडला की मजुरीत सगळा मार मालकाच्या अंगावर येतो, वाट्यात तो दोघांत वाटला जातो. माझं मत वाट्याच्या बाजूने आहे, कारण छोट्या मालकाला एकट्याने तो मार झेपत नाही. पण वाट्याचा टॅपर आजचा चीक बघतो, उद्याची साल तुमची असते. पावसाने एक दिवस गेला की तो लगोलग दोन दिवस सलग काप घालायला बघणार. त्याच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही तेच केलं असतं. म्हणून करारात तीन गोष्टी लिहाच: वर्षाची सालीची मर्यादा, सलग दोन दिवस काप नाही, आणि स्क्रॅप कुणाचा. कापावर सुकलेली दोरी आणि कपात मागाहून गोठलेला गोळा मिळून एकूण रबराच्या १०–२० टक्के भरतात. करारात त्याचा उल्लेख नसतो आणि भांडण नेमकं तिथूनच सुरू होतं. मालक सालपटी मोजतो हे टॅपरला एकदा कळलं की निम्मे प्रश्न आपोआप मिटतात, ते वेगळं.

विकायचं कशा रूपात, यावरही बरंच ठरतं. चीक ओला विकला तर काम सकाळीच संपतं, पण भाव ठरतो त्यातल्या कोरड्या रबराच्या टक्क्यावर, आणि तो टक्का मोजतो घेणारा. ३० लिटर चिकात ३५ टक्के असताना ३२ लावले तर १०.५ किलोंऐवजी ९.६ किलोंचे पैसे मिळाले. १०० ग्रॅम चीक घ्या, आम्लाने गोठवा, पातळ दाबा, पूर्ण वाळवा आणि वजन करा. जितके ग्रॅम तितके टक्के. महिन्यातून एकदा हे घरी केलंत की घासाघीस करायला तोंड राहतं. टक्का घसरला म्हणून टॅपरने पाणी घातलं असा संशय लगेच घेऊ नका. पावसानंतर, उत्तेजक लावल्यावर, किंवा काप फार जवळजवळ झाले तरी तो उतरतो. सारखा ३० च्या खाली राहिला तर झाडाला विश्रांती हवी आहे.

कपातच गोठू देऊन गोळे विकणं सगळ्यात कमी मेहनतीचं. तिथे घेणारा पाण्याचा अंदाज करतो आणि अंदाज नेहमी त्याच्या बाजूने चुकतो. डी-७ करणाऱ्याने तरीही गोळेच विकावेत; वाचलेल्या वेळेचं मोल जास्त आहे. शीट करायची तर चीक पाणी घालून १२ ते १५ टक्क्यांवर आणायचा, फॉर्मिक आम्लाने गोठवायचा, रोलरमधून तीनेक मिलिमीटरपर्यंत लाटायचा, धुवायचा, निथळवायचा आणि धुरीघरात चार-पाच दिवस वाळवायचा. काम बरंच आहे. पण शीट ठेवता येते. ओला चीक आज विकावाच लागतो. कोरडी, नीट धुरी दिलेली शीट महिने थांबते, आणि छोट्या माणसाकडे बाजाराशी वागायला एवढं एकच हत्यार आहे. चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून एक रोलर आणि एक धुरीघर केलं तर जमतं. एकट्याच्या दोन हेक्टरांना सकाळच्या १२ किलोंसाठी धुरीघर पेटवणं मला तरी पटत नाही.

आता ती सात वर्षं. लागवडीच्या वर्षी सगळ्यात मोठा खर्च, मग दरसाल खत आणि तण. दहा टक्के व्याजाने पहिल्या वर्षी घातलेले पैसे सातव्या वर्षी जवळजवळ दुप्पट झालेले असतात, आणि ते झाडाने फेडायचे असतात. त्यामुळे टॅपिंग एक वर्ष लवकर सुरू होणं हे पुढच्या कुठल्याही काटकसरीपेक्षा मोठं. १२५ सेंटिमीटर उंचीवर खोडाचा घेर ५० सेंटिमीटर झाला, आणि असं ७० टक्के झाडांचं झालं, की बाग उघडायची. तिथे लवकर पोचायचं तर रोपं एकसारखी हवीत: पिशवीत वाढवलेली, पानांचे दोन-तीन मजले पक्के झालेली. नांग्या दुसऱ्या वर्षापर्यंतच भरा. तिसऱ्या-चौथ्या वर्षी घुसवलेलं रोप मोठ्या झाडांच्या सावलीत खुरटतं, खत मात्र बरोबरीने खातं. घाई करून ४० सेंटिमीटरला काप घालू नका. वाढ तिथेच मंदावते आणि ती उणीव पुढे भरून येत नाही.

पहिली तीन वर्षं ओळींमधली जागा रिकामी असते. केळी किंवा अननस लावले तर लागवडीचा बराच खर्च निघू शकतो. बाजार जवळ नसेल तर प्युरेरिया किंवा म्युकुना ब्रॅक्टिआटा यांसारखं शेंगवर्गीय आच्छादन पसरवा. नत्र धरतं, तण दाबतं, उतारावरची माती थांबवतं. झाडाच्या बुंध्याभोवती मीटरभर जागा दोन्ही बाबतींत मोकळी ठेवायची, नाहीतर म्युकुना रोपावर चढून त्याला वाकवतो. पुढे बाग मोठी झाली की पालवीच्या दिवसांत मधपेट्या ठेवता येतात. रबराच्या पानाच्या देठाशी मधुरस पाझरतो, आणि भारतातल्या मधाचा मोठा हिस्सा रबराच्या बागांतून येतो. हे पैसे फार नसतात, पण टॅपिंग बंद असतानाच येतात.

कोणतं वाण, हे विचारलेलं नाही तरी सांगतो, कारण यात घोळ फार होतो. सगळे आरआरआयआय १०५ मागतात. भारतीय रबर संशोधन संस्थेने १९८० मध्ये दिलेलं हे वाण चीक भरपूर देतं, यात वाद नाही. पण ते गुलाबी रोगाला बळी पडतं, आणि जास्त काप घातले की त्यातली झाडं लवकर कोरडी पडतात, म्हणजे साल कापली तरी चीक येत नाही. त्याच संस्थेची ४१४ आणि ४३० ही नंतरची वाणं आहेत. जीटी १ थोडं कमी देतं पण चिवट आहे. दोन हेक्टरांतही दोन-तीन वाणं वेगवेगळ्या पट्ट्यांत लावा. एकाच वाणावर रोग आला तर सगळी बाग एकदम बसते. हेन्री फोर्डने १९२८ पासून ब्राझीलमध्ये, रबराच्या मूळ प्रदेशातच, दाटीने लागवड केली आणि दक्षिण अमेरिकी पानकरप्याने ती खाऊन टाकली. १९४५ मध्ये सगळं सोडून द्यावं लागलं.

भावाबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. जगातलं नैसर्गिक रबर बहुतांशी छोट्या शेतकऱ्यांकडून येतं आणि सुमारे ७० टक्के टायरमध्ये जातं. भाव चढला की सगळे एकदम लावतात, आणि त्या झाडांचा चीक सहा-सात वर्षांनी एकदम बाजारात येतो. २०११ च्या उच्चांकाआधी आणि त्या सुमारास थायलंड, व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया, आयव्हरी कोस्ट इथे जी लागवड झाली, तिने पुढची मंदी लांबवली. म्हणून रोपवाटिकेत रोपं मिळेनाशी झाली की थांबा. रोपवाला दारात येऊन सूट देऊ लागला की लावा. आणि भाव अगदीच बसला तर बाग बंद ठेवायला घाबरू नका. न घातलेल्या कापाची साल शाबूत राहते, खोड जाड होत राहतं. दुसऱ्या कुठल्या पिकात एवढी सवड मिळते? तोटा एवढाच की टॅपर दुसरीकडे लागतो, आणि चांगला टॅपर परत येईलच असं नाही.

पंचविसाव्या ते तिसाव्या वर्षी लाकूड विकायचं. रबराचं लाकूड फर्निचरला चालतं, पण तोडल्यावर लगेच कापून बोरॉनची प्रक्रिया केली नाही तर कीड आणि निळी बुरशी धरते. म्हणून लाकडाचा भाव कारखान्याच्या अंतरावर आणि ट्रक बांधापर्यंत येतो की नाही यावर ठरतो. तोडीआधीची दोन-तीन वर्षं साल राखायची गरज उरत नाही, तेव्हा उंचावरच्या अस्पर्श सालीवर वरच्या दिशेने काप घ्या आणि उत्तेजक सढळ वापरा. बागेची सर्वांत चांगली वर्षं कधी कधी हीच निघतात. दोन्ही हेक्टर एकदम मात्र तोडू नका. एक तोडून लावा, ती टॅपिंगला आली की दुसरी. नाहीतर सात वर्षं पुन्हा शून्य, आणि या वेळी तुम्ही तिशीत नसाल.

नवी लावण्यापेक्षा तयार बाग घ्यावी का, असाही विचार मनात असेल. सात वर्षं वाचतात, म्हणून मोह होतो. विकणारा झाडं मोजून दाखवेल. तुम्ही साल मोजा. पहिलं पॅनेल अर्धं राहिलेली बाग आणि दुसऱ्या फेरीच्या गाठाळ सालीवर आलेली बाग लांबून सारख्याच हिरव्या दिसतात. दुसरीची किंमत जमीन आणि लाकूड एवढीच. भल्या पहाटे टॅपरबरोबर फिरा, पन्नास झाडं सलग बघा, किती कप कोरडे आहेत ते लिहून घ्या. पाचाहून जास्त निघाले तर भाव पाडून मागा, दहाहून जास्त निघाले तर नमस्कार करून परत या. आणि पानगळीच्या दिवसांत, टॅपिंग बंद असताना बाग बघायला बोलावलं, तर पालवी पक्की होऊन काप सुरू होईपर्यंत विसार देऊ नका. बंद बागेत कोरडं झाड ओळखता येत नाही.